म्हैसूरच्या पाडव्यातली अठ्ठ्यांची जोड

म्हैसूरहून आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, राजवाडा पाहिला का, रोषणाई पाहिली का, चामुंडीच्या पायऱ्या चढलात का. मी सगळ्यांना हो म्हणून मोकळा होतो. खरं सांगायचं तर राजवाडा मी बसच्या खिडकीतून पाहिला, तोही अर्धाच, कारण पुढच्या बाईंच्या अंबाड्यातला गजरा मध्ये येत होता. मी म्हैसूर पाहायला गेलोच नव्हतो. मी शिकवायला गेलो होतो. साताऱ्याच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर वर्ग सुटतो, खोड सुटत नाही. त्या खोडीचं काय झालं ते आज लिहून टाकतो. वाचणाऱ्यांनी मला हसावं, शिव्या द्याव्यात, फक्त कौतुक करू नये.

माझी धाकटी मावशी लग्न होऊन तिकडे गेली तेव्हा ते म्हैसूर संस्थान होतं. मग राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या, मग राज्याचं नावही बदललं. मावशीचं घर मात्र देवराज मार्केटच्या मागच्या त्याच बोळात राहिलं. विठ्ठलाची तसबीर, खाली दुकान, वर बिऱ्हाड. तिच्या सासरची माणसं पिढ्यानपिढ्या शिंपी. आमच्याकडे शिवणकाम आजोबांबरोबर संपलं, त्यांच्याकडे टिकलं. आता मावशी नाही, तिचे यजमानही मागच्या वर्षी गेले. राहिली दोन भावंडं, नागेश आणि शकू, आणि वडिलांचे धाकटे भाऊ तुकप्पाकाका.

भाद्रपदात शकूचं पत्र आलं. "नागेश दुकान रेडीमेडचं करतो म्हणतोय. कापायचं टेबल काढून टाकणार. पाडव्याला डाव मांडायचं ठरलंय. तुम्ही गणितवाले. येऊन मला शिकवा."

हा डाव काय ते सांगायला हवं. दिवाळीच्या पाडव्याला थोडं खेळायची चाल आपल्याकडेही आहे, पण त्या घरात त्या दिवशी पत्त्यांवर घरातले वाद मिटतात. शकूचे आजोबा एका क्लबात पत्त्यांच्या टेबलांचं हिरवं कापड शिवायला जात. तिथे साहेब लोक एकवीस खेळायचे. आजोबा टाके घालता घालता खेळ शिकले आणि घरी येऊन नियम करून टाकला: भावाभावांत वाद झाला तर कोर्टात जायचं नाही, पाडव्याला एक डाव टाकायचा. एकच, दुसरा मागायचा नाही. उरलेलं हिरवं कापड त्यांनी कापायच्या टेबलावर ठोकलं. ते अजून तिथे आहे, खडूच्या रेघांनी पांढरं झालेलं.

पहिला दिवस

"बन्नि दादा, बन्नि," शकू दारातच म्हणाली, आणि माझी पिशवी हातातून घेतली. पन्नाशीची, बारीक, गळ्यात मोजायची फीत. ती फीत तिच्या गळ्यात मंगळसूत्रासारखी कायमची असते. लग्न तिने केलं नाही. वडिलांच्या हाताखाली त्या टेबलाशी उभी राहिली ती पंचवीस वर्षं उभीच आहे. बोळातल्या बायका सांगतात की शकूने बेतलेला ब्लाउज बाळंतपणानंतरही बसतो.

कॉफी आली. आपल्याकडे पाहुण्याला चहा विचारतात, तिथे विचारत नाहीत, कॉफी पुढ्यात येतेच. पितळी पेल्यात, वर फेस. मी ती अर्धी प्यायलो असेन, तोवर शकूने माझ्या खांद्यावर फीत टाकली.

"हे काय?"

"सदरा शिवते की तुमाला. पाडव्यापर्यंत होतोय. हात वर करा."

नागेश गल्ल्यावर होता. तो उठून पाया पडला. मी त्याला दुष्ट समजून गेलो होतो, म्हणून त्याचा मला आधीच राग आलेला. पण तो आपला टक्कल पडलेला, थकलेला माणूस निघाला. म्हणाला, "दादा, शिवायला कोण येतंय आता सांगा. पोरं तयार शर्ट मागतात. चार कारागीर होते, एक राहिला. मी काय शकूला घालवतोय काय? काउंटरवर बसू दे की. टेबल तेवढं जागा खातंय."

"आणि तिला कापायचंय ते?"

"म्हणून तर डाव. ती जिंकली तर टेबल राहतं, मी एक शब्द बोलत नाई. सरि?"

मी सरि म्हटलं. मनात म्हटलं, बाबा रे, तुला माहीत नाही माझ्या खिशात काय आहे.

माझ्या खिशात तक्ता होता. अमेरिकेतल्या भाच्याने आणलेला, प्लास्टिकचा, खिशात मावणारा. तिकडे या खेळाला ब्लॅकजॅक म्हणतात, आणि हुशार लोकांनी यंत्रावर लाखो डाव खेळवून प्रत्येक पत्त्याला काय करावं ते काढून ठेवलंय. डावीकडे आपले पत्ते, वर बँकवाल्याचा, म्हणजे समोरच्याचा, उघडा पत्ता, जिथे दोन्ही भेटतात तिथे उत्तर. ना दैव, ना अंगारा. वर्षभर मी तो वह्यांत पडताळून पाहिला होता. आमच्या सौभाग्यवती याला रिकामपणाचे उद्योग म्हणतात.

चुकीच्या बसने कृष्णराजनगरला

दुसऱ्या दिवशी सकाळी शकूला दुकानात काम होतं, म्हणून मी एकटाच नंजनगूडला देवाला निघालो. नागेश म्हणाला, कुणाला तरी विचारून बसा. मी कसला विचारतोय. कन्नड वाचता येत नसलं तरी पाटीवरच्या पहिल्या अक्षराचा आकार मी पक्का पाठ केला होता. तसाच वाटणारा आकार दिसला आणि मी चढलो. तासाभराने बाहेर भाताची हिरवीगार शेतं सुरू झाली, पाट, बगळे, गुडघाभर चिखलात बायका. फार सुंदर. गर्दीतून कंडक्टर तेव्हा कुठे माझ्यापर्यंत पोचला, मी नंजनगूडचं तिकीट मागितलं, आणि तो हसत म्हणाला, "नंजनगूड आ कडे, सार," आणि हात नेमका उलट्या दिशेला केला. मी कृष्णराजनगरात उतरलो. तिथे एका हॉटेलात नाचणीचा उंडा आणि सार मिळालं. आपण भाकरी चावून खातो, हा उंडा चावायचा नसतो, गिळायचा असतो, हे मला शेजारच्या शेतकऱ्याने खुणेने सांगेपर्यंत माझे दात चिकटून बसले होते.

संध्याकाळी घरी सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. आता वाटतं, तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. एका गावची खूण दुसऱ्या गावच्या बसवर लावून मी ऐटीत बसलो होतो, आणि उतरायची वेळ आल्याशिवाय मला ते कळलं नव्हतं.

टेबलापाशी शिकवणी

दुकान बंद झालं की शकू आणि मी टेबलाच्या दोन बाजूंना बसायचो. पैशांऐवजी चिंचोके. खेळ सोपा आहे. पत्त्यांची बेरीज एकविसाच्या जवळ न्यायची, वर गेली की मेलात. चित्राचे पत्ते दहाचे. बँकवाल्याचा एक पत्ता उघडा, एक झाकलेला. आपण थांबलो की तो उघडतो आणि सतरा होईपर्यंत त्याला ओढत राहावंच लागतं. आणि आपल्याला सारखे दोन पत्ते आले तर ती जोड तोडता येते: एकाचे दोन डाव होतात, पण दुसऱ्या डावावर पहिल्याइतकंच काहीतरी नव्याने मांडावं लागतं.

शकू इतक्या भराभर शिकली की माझ्या शाळेतल्या हुशार पोरांची मला लाज वाटली. जोड तोडायचं कोष्टक तर तिने दोन संध्याकाळींत पाठ केलं. एक्के आणि अठ्ठ्या नेहमी तोडायच्या. दश्श्या कधीच नाही, पंज्या कधीच नाही.

"वीस म्हणजे शिवून झालेलं कापड," ती म्हणाली. "त्याला कात्री कशाला लावायची. आन् सोळा म्हणजे चुकीचं बेतलेलं. उसवून परत लावायचं. अष्टे, एवढंच."

"अगदी बरोबर!" मी टेबलावर थाप मारली. असं इतक्या थोडक्यात मला छत्तीस वर्षांत सांगता आलं नव्हतं.

शेकडो डाव झाले. चिंचोके कमी होत गेले, पण हळूहळू.

"म्हणजे शेवटी जातातच की, दादा."

"जातात. पण तक्ता न पाळता जातील त्यापेक्षा फार सावकाश जातात. हाच तर फायदा."

तिने उरलेले चिंचोके मोजले. मग म्हणाली, "आमच्यात बरोबरी झाली तर घराची. म्हंजे बँकवाल्याची. तुमच्या तक्त्यात?"

"तिकडे बरोबरी झाली की आपलं आपल्याला परत. त्याने फार फरक पडत नाही. बारीक आहे ते."

"कापताना सूतभर असतंय ते बी बारीकच, दादा."

मी हसून विषय बदलला. हे वाक्य मी नीट ऐकलं होतं. ऐकलंच नाही असं म्हणायची सोय मला नाही.

नरकचतुर्दशीला तेल आणि शिकेकाई लावून न्हाणं झालं. आपल्याकडे उटणं आणि फराळ, तिथे न्हाण्यानंतर नारळाचं सारण भरलेली पातळ पुरणपोळी, ओब्बट्टू म्हणतात, आणि नंजनगूडची छोटी, मधासारखी गोड केळी. मला देवापर्यंत पोचता आलं नाही म्हणून शकूने केळी मागवून घेतली होती. सदऱ्याचं कापड ती वरच्या माळ्यावर आईच्या मशीनवर शिवत होती. पायाचं, काळं, सोनेरी वेलबुट्टी पुसट झालेलं मशीन. ते दुकानाचं नव्हतं, मावशीने मरताना शकूच्या नावाने ठेवलेलं. "टेबल गेलं तरी हे हाय," ती दोरा ओवता ओवता म्हणाली. "वरती बसून शिवीन. गिऱ्हाईक जिना चढतंय माझ्यासाठी."

पाडवा

सकाळी पूजा झाली. दुकानात चौघेच. तुकप्पाकाका पत्ते पिसायला बसले, त्या घरात तो मान घरातल्या मोठ्याचा. नागेशकडे बँक, कारण दुकान त्याच्या नावावर. काकांनी आजोबांचे नियम म्हणून दाखवले: एकच डाव, बरोबरी घराची, जोड तोडली तर तोलाचं दुसरं मांडायचं, मांडलेलं परत मागायचं नाही. शकूने टेबलाची मोठी कात्री हिरव्या कापडावर ठेवली. म्हणजे टेबल मांडलं.

पत्ते पडले. नागेशचा उघडा पत्ता चौकटचा राजा. शकूला इस्पिकची अठ्ठी. मग बदामची अठ्ठी.

माझ्या छातीत आनंदाची लाट उसळली, हे मी कबूल करतो. नेमकं तेच आलं होतं जे मी तिला शंभरदा घोकायला लावलं होतं.

शकूने पत्त्यांना हात लावला नाही. म्हणाली, "राहू दे. हाय तसंच खेळते."

"अगं, सोळा आहेत! समोर राजा आहे! तोड."

"तोडलं तर दुसरं मांडायला लागतंय, दादा."

"मग मांड."

"माझ्याकडे टेबलाच्या तोलाचं एकच हाय."

मला कळलं ती कशाबद्दल बोलतेय. तरीही मी म्हणालो, आणि ते शब्द मला आता झोपेतसुद्धा ऐकू येतात: "शकू, अठ्ठ्या नेहमी तोडायच्या. नेहमी म्हणजे नेहमी. इथे विचार करायचाच नसतो, विचार आधीच करून ठेवलाय."

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर तिचा विश्वास होता. लहानपणी सुट्टीत मी तिला पाढे शिकवले होते. ती वर गेली आणि आईच्या मशीनची चामड्याची वादी काढून घेऊन आली. ती तिने कात्रीशेजारी ठेवली. नागेश कसनुसा झाला. "शकू, बेड अगं, नको, ते कशाला?"

"नेमाप्रमाणं," ती म्हणाली. "वाटा काका."

पहिल्या अठ्ठीवर नव्वी आली. सतरा. तक्ता म्हणतो थांब, ती थांबली. दुसऱ्या अठ्ठीवर किलवरची राणी. अठरा. थांबली. मी नागेशकडे विजयी मुद्रेने पाहिलं, असं मला वाटतं; तुकप्पाकाका नंतर तसं म्हणाले.

नागेशने झाकलेला पत्ता उलटला. तीही अठ्ठी. अठरा.

सतरा गेलं. अठरा अठराला बरोबरी, आणि बरोबरी घराची.

बाहेर मुलं फटाके उडवत होती. मी मनातल्या मनात हिशेब करत बसलो, तशी सवयच. जोड न तोडता ती थांबली असती तरी सोळावर अठरा जिंकलेच असते. एक पत्ता ओढला असता तर ती नव्वी आली असती, पंचवीस, मेली असती. टेबल कसंही जाणारच होतं, त्याला कुणाचा इलाज नव्हता. मशीन मात्र माझ्यामुळे गेलं. केवळ माझ्यामुळे. शिवाय त्या तक्त्यातली बरोबरी ही या टेबलावरची बरोबरी नव्हती, आणि हे तिने मला तीन दिवस आधी सांगितलं होतं.

नागेश उठला. "मशीन राहू दे. मला नको ते. शकू, ऐक की."

"मांडलं ते मांडलं," शकू म्हणाली. "बाबांनी कधी परत दिलं काय कुणाला? दिलं असतं तर मागच्या सगळ्या डावांना काय अर्थ राहतोय?" मग तिने गळ्यातली फीत काढली, चार बोटांभोवती गुंडाळली आणि कात्रीवर ठेवली. तिचा गळा फितीशिवाय मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला. मला रडू आलं. तिला आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरगूर गावच्या एका शिंप्याला मशीन घेऊन जा म्हणून निरोप गेला. घरात समोर दिसायला नको, असं शकूनेच सांगितलं. टेम्पो आला आणि मशीन गेलं. नागेश दिवसभर दुकान न उघडता आत पडून होता. मला त्याच्यावर राग धरायचा होता, पण तेवढीही सोय त्याने ठेवली नाही.

परतताना

मी म्हटलं, शकू, तुला नवं मशीन घेऊन देतो, उद्याच जाऊ बाजारात. ती म्हणाली, "सुम्ने, गप राहा, दादा. ते आईचं होतं."

स्टेशनवर ती एकटीच सोडायला आली. गाडी लागली होती. तिने पिशवीतून कागदात गुंडाळलेला सदरा काढून दिला.

"खालची शिवण राहिली, दादा. आन् एक बाही. मशीन आधी गेलं. तिकडं कुणाकडून मारून घ्या."

"शकू, मला माफ कर."

"तुमी खोटं कुठं सांगितलात? तक्ता बरोबरच असंल." मग एखादं माप विचारावं तसं तिने विचारलं, "एक सांगा. तुमच्या तक्त्यातलं खरं ठरायला किती डाव खेळावे लागतात?"

"हजारो."

"माझ्याकडे एकच होता की," ती म्हणाली. गाडी हलेपर्यंत ती खिडकीचा गज धरून उभी होती.

साताऱ्याला आल्यावर तक्ता मी ट्रंकेत टाकला. फाडायचा होता, पण प्लास्टिकचा आहे, फाटत नाही. महिनाभराने सदरा घेऊन पेठेतल्या शिंप्याकडे गेलो. त्याने तो टेबलावर पसरला, खांद्याची गोलाई बोटाने चाचपली आणि बगलेचा काप उलटून पाहिला.

"गुरुजी, हा बेतला कुणी?"

"माझ्या मावसबहिणीने. म्हैसूरला असते."

"बाई आहेत? असा हात आता राहिला नाही हो कुणाचा. कुठल्या दुकानात कापतात त्या? आमच्या पोराला पाठवतो शिकायला."

मी म्हटलं, "ती आता कापत नाही. रेडीमेड शर्ट विकते."

"का बरं?" त्याने विचारलं.

मी त्याला म्हटलं, तेवढी बाही लावून दे.